अतिदक्षता विभागात गरिबी वेळ खाते

प्रश्न असा आहे: ‘मी जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या माझी पोस्टिंग आयसीयूमध्ये आहे. इथे गरीब असो वा श्रीमंत, व्हेंटिलेटर तोच, औषधांचे डोस तेच, प्रोटोकॉलही तेच. तरी गरीब घरातले पेशंट जास्त दगावतात, असे आमच्या सिस्टर म्हणतात. हे खरे आहे का? असेल तर का?’

तुमच्या सिस्टरांचे निरीक्षण खरे आहे. मी आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि पुढे एका धर्मादाय रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अनेक वर्षे काम केले आहे, आणि माझा अनुभव त्यांच्यासारखाच आहे. तुमचा मुद्दाही चुकीचा नाही, कारण यंत्र माणसामाणसांत फरक करत नाही. गरिबी रुग्णाचा वेळ खाते. आजार सुरू झाल्यापासून आमच्या दारापर्यंत पोहोचण्याचा वेळ, औषधाची चिठ्ठी लिहिल्यापासून ते औषध शिरेत जाईपर्यंतचा वेळ, उपचाराला गुण येईपर्यंत थांबण्याचा वेळ आणि घरी गेल्यावर अंगात पुन्हा ताकद येण्यासाठी लागणारा वेळ, या चारही ठिकाणी गरीब रुग्णाच्या हाती कमी तास आणि कमी दिवस असतात.

हे आकडेवारीत सहज का दिसत नाही, हे आधी समजून घ्या. रुग्ण किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी आपण जे गुणांक वापरतो, त्यांतला सर्वांत परिचित म्हणजे अपाचे-२. त्यात १२ शारीरिक मोजमापे, वय आणि जुने आजार एवढेच धरले जाते. घरचे उत्पन्न, शिक्षण, गावापासूनचे अंतर यांना त्यात गुण नाहीत. मग संशोधक सारख्या गुणांकाच्या रुग्णांची तुलना करतात आणि अनेकदा असा निष्कर्ष निघतो की रुग्णालयातल्या मृत्यूंमध्ये गरीब-श्रीमंत हा फरक फारसा नाही. पण ज्या स्त्रीचा रक्तदाब दाखल होतानाच साठच्या खाली आहे, तिचा तो साठचा आकडा बहुतेक वेळा उशिरामुळे आलेला असतो. गुणांक सारखा करून घेतला की गरिबीचा मोठा भाग त्या गुणांकातच मिसळून दिसेनासा होतो. म्हणून अशा अभ्यासांवरून ‘एकदा आत आल्यावर सगळे सारखे’ असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही.

आमच्या दारापर्यंत येण्याचा वेळ काय करतो, हे मण्यारच्या दंशाइतके स्पष्ट दुसऱ्या कशातच दिसत नाही. मण्यार रात्री फिरणारा साप आहे आणि तो चावतो तो बहुधा जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला. खाटेवर, मच्छरदाणीत झोपणाऱ्याला हा धोका कितीतरी कमी असतो, म्हणजे दंश होण्याआधीच घरची परिस्थिती मध्ये आलेली असते. दंशाच्या जागी सूज नसते, दुखतही नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळता येत नाही. घरच्यांना वाटते अपचन झाले किंवा बाहेरची बाधा झाली. पुढच्या काही तासांत श्वासाचे स्नायू थकत जातात. प्रतिविषाच्या सुरुवातीच्या १० कुप्या अनेक ग्रामीण रुग्णालयांत मिळतात, परंतु मण्यारच्या विषाने एकदा धरलेली मज्जातंतूंची टोके प्रतिविषाने सुटत नाहीत. ती शरीराला पुन्हा दुरुस्त करून घ्यावी लागतात. तोवर काही दिवस श्वास यंत्रावर चालवला की असा रुग्ण पूर्ण बरा होतो आणि स्वतःच्या पायांनी घरी जातो. अतिदक्षता विभागात इतका निर्मळ गुण फार थोड्या आजारांत मिळतो. आणि तरीही माणसे यानेच मरतात, वाटेत, श्वास थांबून. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा मिलियन डेथ स्टडी या देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांच्या पाहणीवर आधारलेला अंदाज आहे आणि त्यांतले बहुसंख्य खेड्यांतले आहेत.

दुर्गम भामरागड तालुक्याहून जिल्ह्याचे ठिकाण असलेले गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, हे मी आदराने सांगतो. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ती पलीकडच्या काठावरच थांबते. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून ‘बेड नाही, नागपूरला मेडिकल कॉलेजला न्या’ अशी रेफरची साखळी सुरू होते. दर टप्प्यावर नवा केसपेपर, नवी रांग. रुग्णाच्या तोंडात नळी आहे आणि भाऊ किंवा मुलगा हाताने अँबू बॅग, म्हणजे श्वास देणारा फुगा, दाबतो आहे, असे नातेवाईक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या माणसाला कोणीतरी घाईघाईत शिकवलेले असते की, ‘दाबा, सोडा, एक-दोन-तीन मोजा, पुन्हा दाबा’. त्याचा अंगठा सुजतो, तो हात बदलतो, डुलकी लागेल म्हणून दुसऱ्या हाताने स्वतःला चिमटा काढतो, पण बॅग सोडत नाही. त्या दाबण्यात दर श्वासाला किती हवा जाते याचे मोजमाप नाही, प्राणवायूचे प्रमाण ठरलेले नाही. असा रुग्ण आमच्याकडे पोहोचतो तेव्हा पुष्कळदा विष उतरणीला लागलेले असते, पण मेंदूला प्राणवायू कमी पडून गेलेला असतो.

फवारणीच्या विषबाधेचेही तेच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे गेली. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे यांचा खर्च मजुराने करायचा की शेतमालकाने, हा प्रश्न कोणी सोडवलेला नव्हता, आणि भर उन्हात ते घालून काम करणेही सोपे नाही. मजुरी बुडेल म्हणून मळमळ, अंधारी, डोळ्यांची जळजळ अंगावर काढत दुसऱ्या दिवशीही पंप पाठीवर घेतलेली माणसे त्यांत होती.

रुग्ण कोणत्या शरीरानिशी येतो, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. न्यूमोनिया एकच, पण एकीकडे तो आधी क्षयाने अर्धे खाल्लेल्या फुप्फुसात झालेला असतो, चुलीच्या धुरात चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईच्या छातीत झालेला असतो, किंवा हिमोग्लोबिन सहा असलेल्या बाळंतिणीला झालेला असतो. अर्धपोटी माणसाचे श्वासाचे स्नायू मुळातच क्षीण असतात, त्यामुळे तो व्हेंटिलेटरवरून उशिरा सुटतो. आणि अशा माणसाला नळीतून एकदम पूर्ण आहार सुरू केला तर रक्तातले फॉस्फेट घसरून उलटाच धोका होतो. इन्शुलिन संपले आणि पगार व्हायचा होता म्हणून बेशुद्ध झालेली मुले, गाडीभाडे नव्हते म्हणून दोन डायलिसिस चुकवून छातीत पाणी भरून आलेली माणसे, यांची नोंद आपण ‘औषधोपचारात अनियमित’ अशी करतो. त्या दोन शब्दांत दोष रुग्णावर जातो. केसपेपरवर अनियमिततेचे कारणही लिहावे, असा माझा आग्रह आहे.

आता विभागाच्या आत या. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात गेले पाहिजे, हे तुम्हाला शिकवले आहे. साठ्यात असलेले औषध त्या तासात जातेही. अडचण येते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा साधी औषधे लागू पडत नाहीत आणि वरच्या पायरीचे औषध ‘बाहेरून’ आणायचे असते. चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात जाते. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. तो मेडिकलच्या काउंटरवर किंमत विचारतो, परत येतो, गावाकडे फोन लावतो, कोणाकडे हातउसने मिळतात का पाहतो. मग सहा कुप्यांऐवजी दोन आणतो आणि ‘बाकीच्या उद्या आणतो’ म्हणतो. तुम्ही ते औषध वेळेवर देता, नोंद करता. तक्त्यावर दोन डोस दिसतात आणि तिसऱ्या डोसाच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असा शेरा. असे तुटक दिलेले अँटिबायोटिक त्या रुग्णालाही तारत नाही आणि वॉर्डात औषधाला न जुमानणारे जंतूही वाढवते. त्यातच सरकारी विभागांत व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी हा नियम कागदावरच राहतो. एकटी सिस्टर तीन-चार खाटा सांभाळते. मग कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, नळीतला कफ ओढून काढणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे ही कामे राहतात किंवा उशिरा होतात. जखमा आणि व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया तिथून सुरू होतो. यात तुमच्या सिस्टरांचा दोष नाही. अपुरे मनुष्यबळ हेही गरिबीचेच एक रूप आहे, फक्त ते रुग्णाच्या घरातले नसून त्याच्या वाट्याला आलेल्या रुग्णालयातले असते.

खर्चाची कल्पना यावी म्हणून एकच हिशेब मांडतो. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातली, तेव्हा व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचा दर दिवसाला ९,००० रुपये ठरवला होता आणि काही महागडी औषधे व तपासण्या त्यात धरलेल्या नव्हत्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे सरकारने लगाम घातलेल्या दरानेही व्हेंटिलेटरचा एक दिवस हा सुमारे ३८ दिवसांच्या मजुरीएवढा होता. गिलेन-बारीसारख्या, नसांवर घाला घालून अंग लुळे पाडणाऱ्या आजारात माणूस तीन-चार आठवडे यंत्रावर राहून बरा होऊ शकतो. त्याचा गुणाकार तुम्हीच करून पाहा. आधी घरातली बचत जाते, मग बचतगटाचे कर्ज, मग गळ्यातले मणी, मग बैल किंवा शेताचा तुकडा. डॉक्टरांना दिसतो तो बिलाचा कागद. कुटुंबाला दिसत असतो तो सातबारा.

योजना आहेत, आणि त्या निरुपयोगी आहेत असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना, केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. धर्मादाय रुग्णालयांनी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात. मात्र या सगळ्याला कागद लागतात, आणि गंभीर आजारात कागद नेमके तिथेच नसतात. बीड जिल्ह्यातले ऊसतोड जोडपे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर असते, रेशनकार्ड गावी म्हाताऱ्या सासूच्या पेटीत असते, आणि मुकादमाची उचल अंगावर असल्यामुळे नवरा रुग्णालयात बसला की त्या कोयत्याचा, म्हणजे जोडप्याच्या कामाचा, रोजचा हिशेब थांबतो. पारधी किंवा इतर भटक्या-विमुक्त कुटुंबांकडे कधी राहण्याचा पुरावाच नसतो. योजनेचे पॅकेज हे ठरावीक आजाराला आणि ठरावीक उपचाराला असते. गुंतागुंत वाढून मुक्काम लांबला की खासगी रुग्णालय अस्वस्थ होते आणि ‘सरकारीत हलवा’ हे शब्द नातेवाइकांच्या कानावर पडू लागतात. त्या हलवाहलवीत पुन्हा तोच वेळ जातो.

समजावून सांगण्यातही विषमता असते. सुशिक्षित नातेवाईक प्रश्न विचारतात, इंटरनेटवर वाचून येतात, ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतात आणि त्यांना आम्ही नकळत जास्त वेळ देतो. जो हात जोडून दाराशी उभा असतो, त्याला ‘सिरियस आहे, सही करा’ एवढेच मिळते. कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या रुग्णाला प्रमाण मराठीतल्या सूचना समजत नाहीत आणि आपण त्याला भ्रम झाला आहे असे लिहून मोकळे होतो, त्याचे हात बांधतो, झोपेचे औषध वाढवतो. भ्रम तपासण्याच्या रूढ चाचणीत एक एक अक्षर उच्चारून ठरावीक अक्षराला हात दाबायला सांगतात. कधी शाळेत न गेलेल्या माणसाला त्याच्या रोजच्या ओळखीचा शब्द द्यावा, घरच्या माणसाकरवी त्याच्या बोलीत विचारावे आणि मगच निष्कर्ष काढावा. स्त्रियांबद्दलही सांगितले पाहिजे. सुनेच्या बाबतीत खर्च कोणी करायचा, माहेरच्यांनी की सासरच्यांनी, ही चर्चा विभागाच्या दाराबाहेर चालू असल्यामुळे लांबलेले उपचार मी पाहिले आहेत, आणि कमावत्या मुलाच्या बाबतीत तशी चर्चा मी क्वचितच ऐकली आहे.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे ‘डामा’, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणे. उपचारांचा उपयोग उरलेला नसेल, तर ते थांबवण्याचा सन्मान्य मार्ग आपल्या कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी तो मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुटसुटीत केली; तीन-तीन डॉक्टरांची प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन मंडळे रुग्णालयातच मत देतात. परंतु आपल्याकडे उपचार थांबतात ते पुष्कळदा या मार्गाने नव्हे, तर पैसे संपल्याने, आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाचे. कागदावर दोन्हींखाली नातेवाइकाचीच सही असते. त्या सहीला ‘कुटुंबाचा निर्णय’ म्हणणे मला जड जाते. म्हणून मी माझ्या विभागात एक पद्धत ठेवली आहे: डामाचा फॉर्म समोर येण्यापूर्वी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांनी कुटुंबाशी बोललेच पाहिजे आणि घरी नेण्याचे कारण स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. कारण पैसा आहे असे लिहिले गेले की निधी शोधण्याची, खाट मिळवण्याची किंवा निदान योग्य रुग्णवाहिकेतून सरकारी रुग्णालयात सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी कोणावर तरी येते. आणि घरी न्यायचेच ठरले, तर वेदना आणि धाप यांवरची औषधे बरोबर द्यावीत. नळी काढून रुग्णाला गाडीत घालणे एवढ्यावर आपले काम संपत नाही.

वाचलेल्यांचे पुढे काय होते, याकडे आपले लक्ष फारच कमी जाते. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या अनेकांना स्नायूंचा अशक्तपणा, विसरभोळेपणा, झोपेत दचकणे, उदासी हे महिनोन्‌महिने राहते. परदेशांतल्या अभ्यासांत गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे हाल या टप्प्यावर अधिक स्पष्ट दिसतात, आणि आपल्याकडे ते तसे न दिसण्याचे काही कारण नाही. बसून काम करणारा माणूस अशक्त असला तरी कामावर परत जाऊ शकतो. हमालाच्या किंवा ऊसतोड्याच्या बाबतीत मनगट आणि गुडघा हीच नोकरी असते. गळ्याला ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे छेद देऊन बसवलेली श्वासाची नळी असलेला रुग्ण घरी पाठवायचा तर कफ ओढणारे सक्शन मशीन हवे, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवा तर वीज अखंड हवी, नाकातल्या नळीतून भरवायचे तर मिक्सर आणि अंडी-दूध हवे. पत्र्याच्या एका खोलीत भारनियमनाच्या तासांत यातले काय चालेल, हे डिस्चार्ज कार्ड लिहिताना विचारले जात नाही. मग महिन्याभरात तोच रुग्ण कफाने नळी तुंबून परत येतो, किंवा येतच नाही.

तुम्ही विद्यार्थिनी असलात तरी यात पुष्कळ करू शकता, कारण नातेवाईक डॉक्टरांपेक्षा तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात. दाखल झाल्याच्या पहिल्याच पाळीत चार-पाच गोष्टी विचारून केसपेपरवर लिहून ठेवा: घरात कमावते कोण, रेशनकार्ड आणि आधार कुठे आहेत आणि ते कोण आणून देऊ शकेल, रुग्णाजवळ कोण किती दिवस थांबू शकेल आणि रात्री कुठे झोपते, आधीपासून कर्ज किती, घरची बोली कोणती. शुगर किंवा ब्लड प्रेशर जसे पहिल्या दिवशी लिहितो तसेच हेही लिहायचे, चौथ्या दिवशी पैसे संपल्यावर नाही. योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, त्याच दिवशी कळवा. आणीबाणीत आधी दाखल करून कागद नंतर पूर्ण करता येतात, हे नातेवाइकांना ठामपणे सांगा, कारण त्यांना ते माहीत नसते. बाहेरच्या चिठ्ठीवर औषधाचे कंपनीचे नाव न घालता मूळ नाव लिहिण्याची आठवण डॉक्टरांना करा आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत काय लागेल याची कल्पना आधीच द्या, म्हणजे रात्रीची धावाधाव टळेल. घरी सोडण्याच्या तारखेची वाट न पाहता, निदान आठवडाभर आधी, जो माणूस घरी सांभाळणार आहे त्याच्याच हातून कूस बदलणे, नळीतून भरवणे आणि सक्शन करून घ्या. मोटर नसेल तर पायाने चालणारे सक्शन यंत्र कुठे मिळेल ते समाजसेवा विभागाकडून आधीच पाहून ठेवा. आणि डिस्चार्ज कार्डावर गावाच्या आशाताईंचा फोन नंबर लिहा, त्यांना त्याच दिवशी फोन करून रुग्ण येतो आहे हे सांगा.